विश्लेषण : दिव्यांगांना सल्ला देणाऱ्या समुपदेशकाची नोंदणी का तपासायची?

समजा, एसटीच्या एका चालकाचा अपघातात पाय गेला. जखम भरली, कृत्रिम पाय बसला. आता गाडी चालवता येणार नाही, मग नोकरीचं काय? ओळखीतला कुणी ‘समुपदेशक’ सांगतो, ‘राजीनामा द्या, मिळेल ती रक्कम घ्या, छोटा धंदा टाका.’ सल्ला आपुलकीचा असतो, पण तो घरादाराला भोवू शकतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवता येतं. शासनाची महामंडळंही यात येतात. एकदा स्वतःहून राजीनामा दिला की मात्र हे संरक्षण मागणं फार अवघड होऊन बसतं.

म्हणूनच प्रश्न येतो, असा सल्ला द्यायचा अधिकार कुणाला?

पुनर्वास समुपदेशक म्हणजे कोण?

‘पुनर्वसन’ म्हटलं की आपल्याकडे आधी धरणग्रस्त आठवतात. इथे विषय वेगळा आहे. अपंगत्व आल्यावर किंवा जन्मतः असताना शिक्षण, नोकरी, घर आणि मन या सगळ्यांची घडी बसवायला मदत करणारा हा व्यावसायिक. त्याला शरीराच्या मर्यादा कळाव्या लागतात, कामाच्या जागेची गरज कळावी लागते, साधनं आणि कायदाही ठाऊक असावा लागतो. नुसतं गोड बोलून, धीर देऊन भागत नाही.

नियम काय सांगतो?

भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) १९८६ मध्ये संस्था म्हणून सुरू झाली. १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा दिला आणि २२ जून १९९३ पासून तो लागू झाला. वाचा-श्रवणतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव बनवणारे अशा १६ गटांतल्या व्यावसायिकांवर तिचं नियमन आहे. पुनर्वास समुपदेशक त्यातलाच एक गट. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत (सीआरआर) नाव लावायचं, त्यानंतरच व्यवसाय. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि मधल्या काळात प्रशिक्षणं घेऊन गुण जमवावे लागतात.

(मी स्वतः इंजिनीअर. माझी पदवी गेल्या काही वर्षांत कुणी पुन्हा तपासलेली नाही.)

नोंदणीशिवाय काम केलं तर?

एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार हा १९९२ चा आकडा आहे. आज काही ठिकाणी समुपदेशनाच्या एका बैठकीचीच फी तेवढी असते. शिवाय परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. म्हणजे फसलेल्या कुटुंबाला थेट खटला गुदरता येत नाही. कायद्याची खरी दुखरी नस ही आहे.

दुसरी फट शब्दातच आहे. पाटीवर नुसतं ‘समुपदेशक’ लिहिलं तर ते या कायद्याच्या कक्षेत सहज येत नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने एचआयव्ही समुपदेशकांसह काही गट कक्षेत घेतले. त्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मात्र आरसीआयकडेच राहिले. दोन कायदे, दोन नोंदवह्या. सामान्य माणसाने कुठे बघायचं?

अमेरिकेत काय आहे?

तिथे ‘सीआरसी’ हे प्रमाणपत्र १९७४ पासून दिलं जातं. लक्ष देण्यासारखी आहे ती परीक्षेत काय विचारायचं हे ठरवण्याची पद्धत. प्रत्यक्ष काम करणाऱ्या समुपदेशकांनाच सर्वेक्षणातून विचारतात, ‘तुम्हाला रोज कुठलं ज्ञान लागतं?’ त्यावरून विषय आणि त्यांचं वजन ठरतं. कागदावरचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष काम यांतलं अंतर त्याने कमी होतं. तिथेही नूतनीकरण पाच वर्षांनीच, त्यासाठी १०० तासांचं शिक्षण.

पण निकष कडक ठेवणं तिथेही जड गेलं. १९९२ च्या दुरुस्तीनंतर राज्यांच्या पुनर्वास विभागांत समुपदेशकासाठी पदव्युत्तर पदवीचा आग्रह वाढला. २०१४ च्या कायद्याने तो सैल करून पदवी आणि अनुभवावरही दार उघडलं. निकष उंच ठेवला तर माणसं मिळत नाहीत, खाली आणला तर दर्जा घसरण्याची भीती. आपल्याकडे तालुक्याच्या गावी हा पेच आणखी टोकदार होतो, कारण नोंदणीकृत माणूस गाठायला अनेकांना जिल्ह्याचं ठिकाण किंवा थेट मुंबई-पुणं करावं लागतं.

तुम्ही काय तपासाल?

सीआरआर क्रमांक विचारा. तो ‘ए’ किंवा ‘बी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळून बघा आणि दोन गोष्टी नीट वाचा : नोंदणी कुठल्या गटात आहे आणि मुदत संपली आहे का. विशेष शिक्षकाची नोंदणी दाखवून कुणी नोकरीविषयी सल्ला देत असेल, तर नोंदणी खरी असूनही ती त्या कामाची नव्हे. आणि राजीनाम्यावर सही करायला कुणी सांगत असेल, तर आधी कलम २० त्याच्यासमोर ठेवा.