काळा गाळ पाण्याचा नव्हे, सळीचा!



पाण्यात सळ्या बुडवून केलेल्या विजेच्या चाचणीत नळाचे पाणी काळे पडले, म्हणून घरोघरी आरओ बसवा, हा गेल्या अंकातील साताऱ्याच्या वाचकांचा सल्ला पटला नाही. हाच प्रयोग एका विक्रेत्याने सांगलीत आमच्या ओट्यावर केला. आरओच्या स्वच्छ राहिलेल्या ग्लासात मी चिमूटभर मीठ टाकले. बघता बघता तेही गढूळ! गाळ होता विरघळणाऱ्या लोखंडी सळीचा. पाण्यात क्षार आहेत आणि त्यातून वीज वाहते, एवढेच या प्रयोगातून कळते.

साताऱ्याच्या त्या वाचकांचे, विजेने पाण्याचे अपघटन करणारे अल्कलाइन यंत्र ‘दिवसभर चालू’ असते, हेही खटकले. विद्युत अपघटन किती होणार, हे प्रवाह आणि वेळ यांवर ठरते. म्हणून नळ सोडल्यावरच वीज सुरू करणारा फ्लो स्विच हवा. शिवाय कास तलावाचे गोडे पाणी आणि कृष्णाकाठच्या खारट बोअरचे पाणी यांना एकच व्होल्टेज कसे चालेल? क्षार वाढले की प्रवाह वाढतो, वीजही जास्त जाते. प्रवाहावर मर्यादा ठेवणारे यंत्र हे टाळते.

आरओ घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. तेवढ्यासाठी आरओ कशाला? जंतूंची शंका असेल, तर पाणी उकळा.

– एक वाचक, सांगली