जुनी स्पोर्ट्स कार आणि घरातली हिशेबाची वही

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. हा रस्ता आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. त्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला. ज्या घरात भाताच्या पोत्यांचा हिशेब चालायचा, त्या घरात लाखांचे आकडे आले. कोणी घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले, कोणी दुसरीकडे जमिनीचा तुकडा घेतला आणि बऱ्याच जणांच्या दारात गाडी उभी राहिली. त्यात वावगे काही नाही. चार चाकांची गाडी ही आता चैन राहिलेली नाही. रात्री-अपरात्री किन्हवली-डोळखांबकडून पेशंट आणायचा झाला तर तिची किंमत कळते.

पण अलीकडे आमच्या कानावर वेगळेच येऊ लागले आहे. तरुण मुले मोबाईलवर जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती पाहतात. दोन दरवाजे, बसकी बांधणी, रंग लालभडक, आवाज असा की आसनगाव स्टेशनात उभा असलेला माणूस मागे वळून पाहील. नवी असताना साठ लाखांच्या घरातली गाडी दहा-बारा वर्षांनी पंधरा लाखांत मिळते म्हणे. ओळखीतला एक तरुण असेच चित्र घेऊन आमच्याकडे आला. ‘जयभीम काका, नव्या साध्या गाडीच्या पैशात ही मिळते. मग का नको?’ त्याचा प्रश्न बिनतोड वाटतो. म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

आधी मुलाची बाजू. ‘ऐपत नाही आणि मिजास पाहा’ असे म्हणून त्याला उडवून लावणारे पुष्कळ भेटतील. आम्ही तसे म्हणणार नाही. आपल्या समाजात वाहनाची ओढ निव्वळ चैनीतून आलेली नाही. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर गाडीवान त्यांना गाडीत बसवून गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची, अशा बोलीवर तो तयार झाला. आजही घोड्यावरून वरात काढली म्हणून आपल्या मुलांना मारहाण झाल्याच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून येतात. तेव्हा आपल्या वस्तीतल्या मुलाने झोकदार गाडी घेऊन गावच्या मुख्य रस्त्याने जावे, असे त्याला वाटले तर त्यामागे काय आहे हे आम्हाला कळते. लोकांनी वळून पाहावे, ही इच्छा काही गुन्हा नाही.

पण बाबासाहेबांचाच दुसरा प्रसंग आम्ही त्या मुलाला सांगितला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. साल १९२९. दौऱ्यावरून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीत नेण्यासाठी टांगा हवा होता, पण एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना. आपल्या नेत्याला पायी नेणे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाने लगाम हाती धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. थोडे अंतर गेल्यावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या कठडे नसलेल्या फरशीवर टांग्याचे चाक दगडात अडकले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेबांनी त्या माणसांना दोष दिलेला नाही. पण मान राखायच्या नादात, बसणाऱ्याच्या जिवाची काळजी मानापेक्षा मोठी आहे हे ती माणसे विसरली, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. दोनशेच्या पुढे धावणारी गाडी ज्याने आजवर मोटरसायकलच चालवली आहे त्या मुलाच्या हाती देताना घरच्यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. समृद्धीवर सपाट भागात मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. मग ती दोनशेची ताकद वापरायची कुठे? शहापूर-मुरबाड रस्त्यावर?

आता हिशेब. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, तेव्हा हाच भाग आमच्या हातचा. आमच्या पुस्तकात घसारा नावाचा धडा होता. यंत्र जुने होते तशी त्याची किंमत वहीत दरवर्षी कमी करायची. साठ लाखांची गाडी पंधरा लाखांवर आली ती या घसाऱ्याने. पण लक्षात घ्या, घसारा गाडीच्या किमतीला लागतो, तिच्या सुट्या भागांच्या किमतीला लागत नाही. गिअरबॉक्स बिघडला तर तो साठ लाखांच्या गाडीचाच गिअरबॉक्स असतो, आणि त्याचे बिल त्याच मापाचे येते. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे मोठे काम निघाले की आकडा लाखात जातो. रुंद, पातळ टायर एकेक पंधरा-वीस हजारांना, आणि ते खड्ड्यावर आपटले की टायरबरोबर रिमही जाते. पहिल्या मालकाने गाडी का विकली, याचे उत्तर पुष्कळदा याच बिलात सापडते.

पेट्रोलचे गणित तर शाळकरी मुलगाही मांडील. महिन्याला हजार किलोमीटर धावणे झाले, गाडी लिटरला आठ देते, म्हणजे सव्वाशे लिटर. लिटरला शंभरच रुपये धरले तरी साडेबारा हजार. लिटरला अठरा देणाऱ्या साध्या गाडीला तेवढ्याच प्रवासाला साडेपाच हजार लागतात. फरक सात हजार, महिन्याचा. त्या फरकात मुलाच्या क्लासची फी बसते. शिवाय आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. जुन्या आयात गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होण्याचा धोका असतो. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली असतील तर तेही पाहा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पाच हजार झाली, पण आयात मोटारीला ती चाळीस हजार लागली, आणि वीस वर्षांनंतरचा दर त्याहूनही चढा आहे.

फुकट मिळालेली गाडीसुद्धा फुकट नसते, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. सचिन तेंडुलकरने कसोटीत ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. ती भारतात आणताना एक कोटीच्या पुढे सीमाशुल्क निघाले. सरकारने ते माफ केल्यावर २००३ मध्ये गदारोळ झाला आणि अखेर भेट देणाऱ्या कंपनीने ते भरले. २०११ साली सचिनने ती गाडी सुरतच्या एका बांधकाम व्यावसायिकाला विकली. सेकंड हँड फेरारी घेणारा माणूस कोण होता, हे वाचकांनी पाहावे. ज्याच्याकडे आणखी गाड्या असतात त्यालाच अशी गाडी परवडते. बंद पडली तर तो दुसरी काढतो. आपल्याकडे एकच असणार.

आणि ती एक कोणासाठी? दोन माणसे बसतील, मागे पिशवी ठेवण्यापुरती जागा. आमच्या त्या तरुणाच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे. जमिनीला टेकलेल्या त्या सीटवर ती माउली बसेल, पण उठणार कशी? अशोक विजयादशमीला समृद्धीने दीक्षाभूमीला जायचे स्वप्न घरातल्या सहा जणांचे आहे. चौघे काय बसने जाणार? मुरबाडकडच्या वस्त्यांत जाणारे रस्ते, त्यावरचे गावाने स्वतः घातलेले गतिरोधक आणि पावसाळ्यात फरशीवरून वाहणारे पाणी यांचा विचार केला तर या गाडीचे पोट महिन्यातून दोनदा तरी घासणार. ‘काका, मी हळू काढीन,’ असे तो म्हणाला. हळूच काढायची तर ती कशाला, असे आम्ही विचारल्यावर तो हसला. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, ‘भाऊ, शेत गेलं. पैसा पण गेला तर आम्ही काय दाखवायचं?’

या एका वाक्यापुढे आमचे सगळे गणित थिटे आहे. मोबदला म्हणजे पगार नव्हे, पुढच्या महिन्यात पुन्हा येत नाही. भाताचे शेत पिढ्यानपिढ्या दरसाल पीक देत होते. त्याच्या जागी आलेल्या पैशानेही काहीतरी दिले पाहिजे. तो पैसा गाडीत घालू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याला हौसच आहे त्याने नोकरी-धंद्यात कमवावे, घराची घडी बसवावी आणि मग स्वतःच्या कमाईतून हौस करावी. त्या दिवशी पेढे घ्यायला आम्ही येऊ. कर्ज काढून तर मुळीच नको. जुन्या गाडीच्या कर्जाला सहसा नव्या गाडीपेक्षा व्याज जास्त पडते.

इतके सांगूनही कोणी घेणारच असेल, तर निदान कागद तरी पाहून घ्यावेत. डी.सी. अवंती ही आपल्या महाराष्ट्रात बनलेली स्पोर्ट्स कार. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात तिचे केवढे कौतुक झाले! डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी कंपनीच्या संस्थापकालाच अटक केली. एकाच इंजिन आणि चासी नंबरवर एकापेक्षा जास्त राज्यांत नोंदणी झाली आणि गाड्यांवर कर्जे उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम. पण घेणाऱ्याने काय तपासावे, ते त्यातून उघड आहे. आर.सी. बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. बुकावर बँकेचे नाव असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. स्वस्त वाटलेल्या दिल्लीच्या गाडीचा भाव इथे येईपर्यंत कसा चढतो, ते यात कळते.

पुरात बुडालेली गाडीही धुऊन-पुसून बाजारात येते. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-कल्याण पट्ट्यात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते आपण पाहिले आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, चिखलाचा डाग तिथे राहतो. सीटखालच्या बोल्टला गंज, गालिच्याला कुबट वास, ही दुसरी खूण. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. त्यापेक्षा सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा. दोन-तीन हजार गेले तरी चालतील, पण दलालाच्या ओळखीचा नव्हे असा, त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक बरोबर न्या.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी लगेच नावावर करून घ्या. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या, नाहीतर अपघातात स्वतःच्या गाडीची भरपाई मागताना अडचण येते. ज्यांनी आपली जुनी गाडी विकली आहे त्यांनाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की अपघात झाला तेव्हा आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव आहे, भरपाईच्या दाव्यात मालक तोच. वासिंद-खर्डीकडे कोऱ्या फॉर्मवर सही देऊन मोकळे झालेले कितीतरी जण आम्हाला माहीत आहेत. त्यांनी या आठवड्यातच परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर आपला जुना नंबर टाकून, गाडी अजून आपल्याच नावावर आहे का ते पाहून घ्यावे. ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी विहारात वंदनेनंतर थांबावे, आम्ही पाहून देऊ. आर.सी. बुकाची झेरॉक्स मात्र सोबत आणावी.