नुसतें पाहावयास आलेलें गिऱ्हाईक

दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या संबंधांवर आपल्याकडे विनोद पुष्कळ झाला आहे. विचार मात्र फारसा झालेला नाहीं. दुकानदाराचा तुसडेपणा हा तर आपल्या कौतुकाचा विषय होऊन बसला आहे. ज्या उद्धटपणाची चीड यावयाची, त्याच्या कथा आपण जेवणानंतर एकमेकांस हंसत हंसत सांगतों, आणि जणुं एखाद्या गुणाचेंच वर्णन करीत आहों अशा थाटानें सांगतों. या हंसण्याखालीं एक खरीखुरी हानि दडून राहते असें आमचें मत आहे. तें मत कसें बनलें व ती हानि कोणाची, हें सांगण्यासाठीं गेल्या श्रावणांतील एक अनुभव वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे.

आमची सतरा वर्षांची एक भाची आहे. तिनें दोन वर्षें भाऊबिजेचे व वाढदिवसाचे पैसे सांठवून पंधरा हजार रुपये जमविले, आणि त्यांतून बेस गिटार घ्यावयाची असें ठरविलें. "मामा, तूं बरोबर चल, एकटी गेलें तर मला कोणी विचारणार नाहीं," असें ती म्हणाली. हें वाक्य आम्हांस तेव्हां अतिशयोक्तीचें वाटलें.

ज्या वाचकांस हें वाद्य परिचित नसेल त्यांच्यासाठीं थोडें विषयांतर करतों. बेस गिटारीला बहुधा चार तारा असतात, व त्या साध्या गिटारीच्या खर्जाकडील चार तारांहून एक सप्तक खालीं लावलेल्या असतात. पूर्वी पाश्चात्य वाद्यमेळांत हें काम माणसाएवढें उंच डबल बेस करीत असे. त्यास पडदे नसत, तें वाहून नेणें कष्टाचें, आणि विजेच्या गिटारी आल्यावर त्यांच्या गलबल्यांत त्याचा आवाज बुडून जाऊं लागला. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें पडदे असलेली, खांद्याला अडकवून वाजवावयाची विजेची बेस गिटार बाजारांत आणली. पडद्यांमुळें स्वर अचूक लागे, म्हणून तिला 'प्रिसिजन' असें नांव मिळालें. हिचें कार्य अंशतः तंबोऱ्याच्या खर्जाचें व अंशतः तबल्याच्या डग्ग्याचें आहे. ती एकीकडे तालाला धरून असते आणि दुसरीकडे सुराला. सामान्य श्रोत्याचें तिच्याकडे लक्ष जात नाहीं. परंतु मध्येंच ती थांबली, तर गाणें अधांतरीं लोंबकळूं लागल्यासारखें वाटतें. मुंबईस तर हें वाद्य मुळींच परकें नाहीं. गोव्याहून आलेल्या वादकांनीं हिंदी चित्रपटसंगीतास पाश्चात्य वाद्यांची जोड दिली, आणि राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांवर ज्यांचें तारुण्य गेलें त्या आमच्या पिढीनें तर, नांव ठाऊक नसतांना, हिचा आवाज शेंकडों वेळां ऐकला आहे.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. आम्ही मुंबईच्या उपनगरांतील तीन दुकानें पाहिलीं. त्यांचीं नांवें येथें देत नाहीं. कारण दोष एका दुकानाचा असता तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें.

पहिल्या दुकानांतील तरुण सेवक हातांतील मोबाइलमध्यें गढून गेला होता. दहा मिनिटांनीं त्यानें मान वर केली आणि पहिला प्रश्न केला, "बजेट किती?" आकडा ऐकतांच "त्यांत नाहीं येणार" असें म्हणून त्यानें मान पुन्हां खालीं घातली. त्याच्या डोक्यामागें भिंतीवर एक बेस टांगलेली होती व तिच्यावर साडेतेरा हजारांची चिठ्ठी होती. ती भाचीनें दाखविली तेव्हां उत्तर आलें, "ती वर आहे, घेणार असाल तर काढतों."

दुसऱ्या दुकानाचे मालक अतिशय अगत्यशील होते. त्यांनीं आम्हांस खुर्ची दिली, चहा मागविला. पण बोलले सर्व आमच्याशीं. "मुलगा वाजवतो का आपला?" असें त्यांनीं विचारलें. वाजविणार ती ही मुलगी, असें आम्हीं सांगितल्यावर ते वात्सल्यानें हंसले व म्हणाले, "मुलींना युकुलेली बरी. हलकी असते, फोटोंतही छान दिसते." आणि खरोखरच त्यांनीं तें इवलेंसें वाद्य तिच्या हातांत ठेविलें. तिनें तें दोन्ही हातांनीं जपून परत केलें. आम्ही मात्र त्यांचा चहा पीत बसलों होतों. ही गोष्ट आज लिहितांना आमची आम्हांस लाज वाटते.

तिसऱ्या दुकानांत एक सुंदर चौकट टांगली होती. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत थोर अतिथि होय, अशा आशयाचें जें इंग्रजी वचन गांधीजींच्या नांवावर देशभर खपविलें जातें, तें तिच्यांत होतें. गांधीजींच्या लेखनांत या वचनास आधार सांपडलेला नाहीं, हें बाजूस ठेवूं. त्या चौकटीच्या बरोबर खालीं दुसरी पाटी होती: 'वाद्यांना हात लावूं नये.' पुष्कळ विनवण्यांनंतर एक बेस खालीं आली. तिच्यावरील प्लास्टिकचें वेष्टण काढण्यास नकार मिळाला, तारा लावून मिळाल्या नाहींत, आणि जो ध्वनिवर्धक जोडला तो डब्याएवढा होता. पांच मिनिटें झालीं नाहींत तोंच मागून आवाज आला, "ताई, घ्यायची आहे कीं नुसतें बघायचंय?"

या शेवटच्या प्रश्नांतच आमच्या वादाचें मूळ आहे. 'नुसतें पाहणें' हा दुकानदाराच्या मतें गुन्हा आहे. आमचें म्हणणें असें कीं, वाद्याच्या बाबतींत पाहणें हाच खरेदीचा मुख्य भाग होय. पैसे देणें ही त्याची समाप्ति. कारण वाद्य हें साखरेच्या पोत्यासारखें वजनावर घ्यावयाचें नसतें. बेस गिटारीच्या तारेची मोकळी लांबी सामान्यतः ३४ इंच असते. आंखूड जातीच्या बेसमध्यें ती ३० इंचांच्या आसपास असते. या चार इंचांनीं लहान हाताच्या माणसाचीं बोटें पडद्यांपर्यंत पोंचतात कीं नाहीं हें ठरतें. दांडी लांकडाची असल्यामुळें दमट हवेनें ती वांकते, तारा पडद्यांपासून उंच होतात, आणि नवशिक्याच्या बोटांचीं सालें निघतात. मग दोष वाद्याचा असून 'मला येत नाहीं' असें तो मानून बसतो. सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१ असतात. तो स्वर डब्याएवढ्या ध्वनिवर्धकांतून नीट निघतच नाहीं. म्हणजे त्या तिसऱ्या दुकानांत आम्हांस जें ऐकविलें तें बेस गिटारीचें दर्शन नव्हे, तिची थट्टा होती. पॉल मॅकार्टनी यानें १९६१ सालीं हँबुर्ग येथें हॉफ्नरची व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. ती स्वस्त होती हें एक कारण. पण तो डावरा, आणि ते वाद्य दोन्ही बाजूंनीं सारखें असल्यानें उलटें धरलें तरी विचित्र दिसत नव्हतें, हें दुसरें. हें दुसरें कारण किंमतीच्या चिठ्ठीवर कोठें लिहिलेलें असतें?

यावर दुकानदारांचा पक्षही ऐकला पाहिजे. ते म्हणतील, "दिवसभर पोरें येतात, वाजवितात, ओरखडे काढतात आणि जातात. कित्येक तर आमच्याकडे वाद्य पारखून घरीं जाऊन तेंच इंटरनेटवरून पांचशें रुपयांनीं स्वस्त मागवितात. आम्हीं दुकानाचें भाडें कोठून भरावें?" या तक्रारींत तथ्य आहे. दुसऱ्याच्या दुकानांत तास घालवून, त्याच्या ज्ञानाचा लाभ घेऊन, खरेदी अन्यत्र करणें हा अप्रामाणिकपणा आहे, आणि तो करणाऱ्यांत आमच्याच सुशिक्षित वर्गाचा भरणा अधिक आहे हेंही आम्ही कबूल करतों.

परंतु या रोगावर योजिलेला उपाय पाहा. इंटरनेटवरचा व्यापारी भाव कमी देतो, माल घरपोंच आणतो, आणि मुलगी आहे कीं मुलगा हें विचारीत नाहीं. त्याला देतां येत नाहींत अशा दोनच गोष्टी आहेत: हाताचा स्पर्श आणि जाणत्या माणसाचा सल्ला. रस्त्यावरच्या दुकानाची सारी पुंजी या दोन गोष्टींत आहे. असें असतां जो दुकानदार 'हात लावूं नये' अशी पाटी लावतो आणि सल्ल्याच्या जागीं 'बजेट किती' हा प्रश्न ठेवतो, तो आपल्या प्रतिस्पर्ध्याचा बंदोबस्त करीत नाहीं, आपली पुंजी आपल्याच हातांनीं त्याच्या पायांवर ओततो. ओरखड्यांची भीति असेल तर प्रत्येक जातीचें एकेक वाद्य केवळ वाजवून पाहण्यासाठीं ठेवावें. वेळ फुकट जातो असें वाटत असेल तर अर्ध्या तासाचे शंभर रुपये घ्यावे व खरेदी झाल्यास ते किंमतींतून वजा करावे. प्रामाणिक गिऱ्हाईक ते आनंदानें देईल. अपमान मात्र वजा होत नाहीं.

कोणी म्हणेल, हें परदेशी चोचले आहेत. आपल्याकडे असली रीत नाहीं. आम्ही उलट म्हणतों कीं, ही रीत आपल्याच घरची आहे. १९८४ सालीं आम्ही शाळेंत असतां आमच्या मावशीबरोबर मिरजेस तंबोरा घ्यावयास गेलों होतों. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. त्या कारागिरानें मावशीस पैशाविषयीं एक अक्षर विचारलें नाहीं. "बाई, कोणत्या पट्टींत गातां?" हा त्याचा पहिला प्रश्न. चटईवर बसवून त्यानें तिला गावयास लाविलें, घोडीवरील तारांखालचा दोरा पुढें-मागें सरकवून जवारी जुळविली, तीन तंबोरे ऐकविले, आणि अखेर म्हणाला, "यांतला एकही तुमच्या आवाजाचा नाहीं. दोन महिन्यांनीं या." त्या दिवशीं त्याची विक्री शून्य झाली. दोन महिन्यांनीं मावशी पुन्हां गेली, आणि पुढें तिच्या सर्व शिष्यिणींचे तंबोरे त्याच घरून आले. 'नुसतें पाहावयास' आलेल्या बाईला त्यानें गाणारी मानलें, यापलीकडे त्याचें व्यापारशास्त्र नव्हतें.

येथें 'बाई' या शब्दावर आम्ही मुद्दाम जोर देतों. ज्या शहरांतील दुकानदार सतरा वर्षांच्या मुलीस युकुलेली देऊन वाटेस लावतो, त्याच मुंबईंत मोहिनी डे वाढली. लहानपणीं वडिलांकडून बेस शिकली, ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवूं लागली, आणि आज जगभरच्या मंचांवर तिला मान आहे. त्याच्याही कितीतरी आधीं, १९६० नंतरच्या दशकांत, लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहांत कॅरोल के ही बाई बेस वाजवून आपला चरितार्थ चालवीत होती. हें वाद्य मुलींचें नव्हे, हा शोध दुकानदारानें कोठून लावला हें त्याचें त्यालाच ठाऊक. आणि त्यांत आमचाही वांटा आहे. कारण 'मुलगा वाजवतो का' या प्रश्नावर आम्ही उठून बाहेर पडलों नाहीं.

आमची मागणी थोडी आहे. जो वाजविणार त्याच्याशीं बोलावें. वाद्य तारा लावून, ऐकूं येईल अशा ध्वनिवर्धकावर, बसावयास स्टूल देऊन दाखवावें. किंमत चिठ्ठीवर असावी, गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून ठरूं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ग्राहकास माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. सौजन्य मिळण्याचा हक्क कोणताही कायदा देऊं शकत नाहीं. तो ग्राहकांनींच, हंसणें सोडून, मागावयास हवा.

तिसऱ्या दुकानांतून बाहेर पडल्यावर स्टेशनापर्यंत भाची कांहीं बोलली नाहीं. गाडींत बसल्यावर म्हणाली, "मामा, मला बहुतेक नकोच आहे बेस." आम्ही तीस वर्षें शिकविण्याचा व्यवसाय केला आहे. मुलांच्या तोंडून हें वाक्य आम्हीं पुष्कळदां ऐकलें आहे, आणि तें बहुतेक वेळां खोटें असतें. आरंभीं ज्या हानीचा उल्लेख केला ती ही. दुकानदाराचे पंधरा हजार बुडाले याचें आम्हांस दुःख नाहीं; ते उद्यां दुसऱ्याकडून येतील. पण दोन वर्षें जपलेली हौस एका दुपारींत 'नकोच आहे' म्हणूं लागते, तिची भरपाई कोणत्याही गल्ल्यांतून होत नाहीं.

सुदैवानें ही कथा तेथें संपली नाहीं. तिच्या महाविद्यालयांतील एका मित्रानें गिटारी दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचा पत्ता दिला. त्यांच्या एका खोलीच्या घरांत ती पलंगाच्या कडेवर बसून तासभर जुन्या बेस वाजवीत होती, आणि ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनीं तिचा डावा हात पाहिला, आंखूड दांडीची एक बेस काढली, दांडीचा बांक सरळ केला आणि अकरा हजारांस दिली. गेल्या महिन्यांत तिनें नव्या तारा व पट्टाही त्यांच्याकडूनच घेतला, आणि आतां तिच्या दोन मैत्रिणी तेथें 'नुसतें पाहावयास' जाणार आहेत. त्या तीन दुकानदारांच्या कानांवर यांतलें कांहीं जाणार नाहीं; कारण जें गिऱ्हाईक परत येत नाहीं, तें तक्रार सांगावयासही येत नाहीं.