.४५चा माज

टेक्सासमध्ये २०२१पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ग्रीन कार्ड हातात पडलेले माझे मराठी मित्रही आता छातीठोक सांगतात, 'घ्यायचं तर .४५च!' का, तर गोळी जाड. अरे, १९८६च्या मायामी चकमकीनंतर मोठ्या कॅलिबरकडे वळलेली एफबीआयसुद्धा शेवटी ९ मिमीवर परतली. आणि तुमचं लाडकं १९११ मॉडेल मुळात गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी बनलेलं. पोकळ टोकाची गोळी काही जुन्या पिस्तुलांत चेंबरच्या तोंडाशीच अडकते. तरी .४५च हवं? घ्या. पण जी गोळी कमरेला बाळगणार, तीच रेंजवर निदान २०० वेळा झाडा. टेस्ट न करता कोड प्रॉडक्शनला ढकलणाऱ्याला आपण शिव्या घालतोच ना? एकदा जरी अडकलं, तरी मी ते पिस्तूल कमरेला लावणार नाही, कॅलिबर कुठलंही असो.