अरुंद पट्टीस कोणता डिंक लावावा?

कागदकामात डिंकाची निवड आपण सहसा हाताशी असलेल्या बाटलीवर सोपवून मोकळे होतो. वहीस पुठ्ठा चिकटवावयाचा असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. परंतु दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या असोत किंवा तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या गुंडाळून केलेली फुले असोत, तेथे ही बेपर्वाई अंगाशी येते. चार संध्याकाळी खपून केलेला कंदील पहिल्याच दमट रात्री सुटू लागतो. आणि पट्ट्यांची कर्णफुले विकून संसारास हातभार लावणाऱ्या गृहिणीकडे तीच कर्णफुले आठवड्याभरात परत येतात.

अडचण कोठे आहे ते पाहा. ३ मिलिमीटर रुंद पट्टीचे टोक ४ मिलिमीटर चिकटवावयाचे म्हटले, तर हाती येणारी जागा अवघी १२ चौरस मिलिमीटर. डिंक किंचित अधिक झाला की तो बाजूने बाहेर येतो आणि त्यातील पाणी कागदात मुरते. यंत्रावर होणाऱ्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. पाण्याने ते लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात, म्हणून पट्टी वेडीवाकडी होते. कागदाचा लहान तुकडा एकाच बाजूने ओला करून पाहावा. तो ज्या रेषेभोवती वळेल ती तंतूंची दिशा. गुंडाळावयाच्या पट्ट्या या रेषेस काटकोनात कापाव्यात, म्हणजे त्या न मोडता वळतात. झिरमिळ्या मात्र रेषेच्या लांबीने कापाव्यात. वाऱ्यात त्या लवकर फाटत नाहीत.

आता बाटल्यांकडे वळू. आपल्या भाषेत डिंक वेगळा, खळ वेगळी, सरस वेगळा. ज्याने त्याने आपापल्या कामाला योग्य ते घ्यावे, हे शहाणपण या शब्दांतच होते. दुकानात एकाच नावाने सारे मागण्याची सवय लागल्यापासून ते हरवत चालले आहे, असे भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या माणसास वाटल्यावाचून राहत नाही.

बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक पाण्यात विरघळतो आणि वाळल्यावर पुन्हा ओला केल्यास पुन्हा चिकटतो. टपालाच्या तिकिटांच्या पाठीस तो याच गुणामुळे लावीत असत. पट्टीच्या कामात मात्र हा गुणच दोष ठरतो. कोकणातील दमट हवेत तो चिकचिकतो, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात काचेसारखा तडकतो. गुंडाळलेली पट्टी उलगडण्यासाठी सतत ओढ घेत असते. तडकलेला डिंक तिला कसा रोखणार?

खळीची गोष्ट निराळी. एक भाग मैदा पाच भाग थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर सारखा ढवळीत राहावा. ऊन लागताच पिठातील कण पाणी पिऊन फुगतात, मिश्रण दाट व अर्धपारदर्शक होते. मग ते गाळून निववावे. बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद चढविण्यास खळीसारखे दुसरे काही नाही. ती पातळ मात्र असू नये, नाहीतर कागदाचा रंग फुटून डाग पडतात. ती दोन दिवसांत आंबते, आणि झुरळांना व कसरीला प्रिय असते. पुस्तके बांधणारे कारागीर त्यासाठी खळीत मोरचूद घालीत आले आहेत. तो विषारी आहे. जेथे मुले कामाला बसतात तेथे तो मुळीच घालू नये, रोज थोडी ताजी खळ करावी हे बरे. जुन्या कागदपत्रांची डागडुजी करणारे तज्ज्ञ गव्हाच्या निव्वळ सत्त्वाची खळ वापरतात, ती अशासाठी की पुढे पाण्याने ती सोडविता येते. आजोबांचे पत्र चिकटविण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे.

गुंडाळलेल्या पट्ट्यांसाठी मात्र आमचा कौल दुधासारख्या पांढऱ्या डिंकाला. त्यातील पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हा पदार्थ १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधला. आपल्याकडे १९५९ साली फेविकॉल आले आणि सुतारांमागोमाग ते घरोघर पोहोचले. या पदार्थाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी कागदात व हवेत निघून गेले की ते एकमेकांस बिलगून पारदर्शक, लवचिक पापुद्रा बनतो. तो ओढ सोसतो. डिंकात पाणी घालून तो पुरवण्याचा मोह आवरावा. त्याने कागद अधिक भिजतो व टोक अधिक वेळ धरून बसावे लागते. जिलेटीन कागदात पाणी मुरत नाही, म्हणून तेथे हा डिंक उशिरा वाळतो.

कांडीचा डिंक रुंद कागदास ठीक. अरुंद पट्टी त्याखाली चुरगळते. क्षणात चिकटणारा डिंक कागदात पसरून पांढुरके डाग पाडतो, बोटे चिकटवितो, आणि सुती कापडावर सांडल्यास चटका बसण्याइतका तापतो. तो मुलांच्या हाती नकोच.

हा छंद काही नवा नव्हे. जेन ऑस्टेनच्या १८११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त एका लहान मुलीसाठी अशीच कागदी जाळीची टोपली चाललेली असते, आणि कागद गुंडाळून देण्याच्या निमित्ताने एलिनॉर त्या कामास बसते.

काम करताना प्लॅस्टिकच्या झाकणात डिंकाचा एक थेंब घ्यावा. सुईच्या टोकाने राजगिऱ्याच्या दाण्याएवढाच उचलून टोकाच्या आतल्या बाजूस लावावा आणि वीस अंक मोजेपर्यंत दाबून धरावे. फूल पुठ्ठ्यावर बसवावयाचे असल्यास पट्ट्यांच्या फक्त खालच्या कडांना डिंकाचा स्पर्श करावा. झाकणात उरलेला डिंक वाळू द्यावा. दुसऱ्या दिवशी त्याचा पापुद्रा नखाने सबंध निघतो आणि झाकण पुन्हा कामास येते.