शब्दांच्या वाटा : ‘प्रिफर’ म्हणजे केवळ आवड नव्हे

‘प्रिफर’ या इंग्रजी क्रियापदाचा ‘अधिक पसंत करणे’ हा अर्थ शाळेत शिकविला जातो आणि तेवढ्यावर बहुतेकांचे निभते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र तेवढ्यावर निभत नाही. तेथे जमिनीचा, बांबूचा, तेंदूपत्त्याचा प्रश्न केव्हा ना केव्हा कायद्याच्या कागदावर येतो आणि त्या कागदावरचा ‘प्रिफर’ निराळा असतो.

मूळ लॅटिन शब्दात ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘फेरे’ म्हणजे नेणे. एक वस्तू मनात दुसरीच्या पुढे ठेवली की ती पसंती. एखादी मागणी अधिकाऱ्यापुढे ठेवली की तो दावा. मराठीतील ‘पुढे ठेवणे’ दोहोंना पुरते, ‘पसंत करणे’ पुरत नाही.

१९२७ चा भारतीय वन कायदा पाहावा. राखीव वन करण्याचे ठरले की उद्घोषणा निघते आणि हक्क सांगणाऱ्यांना किमान तीन महिन्यांची मुदत मिळते. कलम ९ नुसार ज्या हक्काचा दावा ‘प्रिफर’ झाला नाही आणि चौकशीतही जो उघडकीस आला नाही, तो नष्ट होतो. विलंबाचे पुरेसे कारण अंतिम अधिसूचनेपूर्वी पटवून देता आले, तरच सुटका. येथे कोणाच्या आवडीनिवडीचा संबंधच नाही. दावा दाखल झाला की नाही, एवढाच प्रश्न.

२००६ च्या वनहक्क कायद्यात वारे फिरले, शब्द मात्र राहिला. आता हक्काची पहिली चौकशी ग्रामसभेकडे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये याच कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पण ग्रामसभेचा ठराव ज्याला मान्य नाही, त्याचे काय? कलम ६ नुसार त्याने उपविभागीय समितीकडे अर्ज ‘मे प्रिफर’, तोही ठरावापासून ६० दिवसांत. तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जाण्यास पुन्हा ६० दिवस. पहिली पायरी वगळून थेट जिल्ह्याकडे जाता येत नाही. ‘मे’ आणि ‘प्रिफर’ हे दोन मऊ शब्द शेजारी आल्याने ‘आवडल्यास अर्ज करावा’ असा सूर कानी पडतो. अर्ज न करण्याची मोकळीक आहे हे खरे. दिवस मोजण्यात मात्र मोकळीक नाही.

पेढीवरही हा शब्द याच वेषात येतो. जीएसटीचा आदेश प्रतिकूल गेला आणि वकिलाने ‘अपील प्रिफर करायचे का?’ असे विचारले, तर तो पहिल्या अपिलाच्या तीन महिन्यांच्या मुदतीविषयी बोलत असतो. ती मुदत आदेश कळविला गेल्यापासून धावते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील ‘प्रेफरन्स’ तर याहून धारदार. बुडत्या कंपनीने एका धनकोला इतरांच्या पुढे नेऊन बसविले, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. आप्तसंबंधितांच्या बाबतीत दोन वर्षे, इतरांच्या बाबतीत एक वर्ष मागे जाऊन तपास होतो. नेहमीच्या व्यापारक्रमातील देणे त्यात येत नाही.

उरला व्याकरणाचा मुद्दा, तो लहान आहे. मराठीतील ‘पेक्षा’मुळे मुले ‘प्रिफर’नंतर ‘दॅन’ लिहितात. तेथे ‘टू’ हवे. ‘आय प्रिफर टी टू कॉफी.’