माबूल, मृत समुद्र आणि आपली मुले

सिम्हाथ तोरा झाला, तोराचे वाचन पुन्हा बेरेशीथपासून सुरू झाले, की दुसऱ्याच शाब्बाथला पराशा नोआह येते. आपण मराठीत नोहा म्हणतो, नातवंडे नोआख म्हणतात. त्या आठवड्यात मराठीच्या वर्गात तारू, प्रलय, कावळा, कबुतर, इंद्रधनुष्य हे शब्द फळ्यावर लिहिले जातात. लहान मुले चित्रे काढतात. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे चित्रांवर भागत नाही. शाळेत ती डायनासोर, हिमयुग, उत्क्रांती शिकून आलेली असतात. ती सरळ विचारतात, हे खरेच घडले का?

या प्रश्नाला आपल्या घरांत तीन उत्तरे मिळतात. एक, तोरात आहे म्हणजे आहे, पुढे विचारू नकोस. दुसरे, सोड रे, जुन्या लोकांच्या गोष्टी त्या. आणि तिसरे हल्ली व्हॉट्सॲपवरून येते : तुर्कस्तानात अराराटजवळ नोहाचे तारू सापडले, शास्त्रज्ञांनीही मान्य केले, पुढे पाठवा. मला यांतले तिसरे सर्वांत वाईट वाटते. पहिली दोन उत्तरे निदान प्रामाणिक आहेत. ज्या होडीच्या आकाराच्या जागेचा फोटो त्यात फिरतो, ती दुरुपिनार नावाची जागा १९५९ साली विमानातून काढलेल्या फोटोंत दिसली. भूगर्भशास्त्रज्ञांनी ती तपासली आणि तो माती-दगडांचा नैसर्गिक आकार आहे असे सांगितले. हे मुलाला फोनवर दोन मिनिटांत कळते. मग ज्या आजीने तो व्हिडिओ पाठवला तिच्या बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास उरत नाही.

माझे मत असे आहे की मुलांना स्पष्ट सांगावे : साऱ्या पृथ्वीला बुडवणारा जलप्रलय माणसाच्या काळात झालेला नाही. आणि हे सांगितल्यावरही पराशा नोआह पूर्वीइतक्याच मनापासून वाचावी. काहींना या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत असे वाटते. मला वाटते, बसतात, आणि त्यासाठी आपल्याला परक्या दारात जावे लागत नाही.

आधी पाण्याचा हिशेब करू. तोराच्या सांगण्याप्रमाणे चाळीस दिवस पाऊस पडला आणि उंच डोंगरांच्याही वर पंधरा हात पाणी चढले. (हात हे माप आपल्या मराठीत अजून आहे, मुलांना कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून दाखवा.) एव्हरेस्ट ८,८४९ मीटर उंच. ते चाळीस दिवसांत बुडवायचे तर रोज सुमारे २२० मीटर पाणी चढले पाहिजे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक मीटरही नाही, आणि मुंबईचे काय झाले ते आपल्या प्रत्येकाच्या नातेवाइकाने सांगितले आहे. त्याच्या दोनशे तीसपटींहून जास्त पाऊस रोज! आकाशात वाफेच्या रूपाने जेवढे पाणी आहे ते सगळे एकदम पडले तरी पृथ्वीवर सरासरी अडीच सेंटिमीटरच साचेल. बाकीचे जमिनीखालच्या झऱ्यांतून आले म्हणावे, तर लागणारे पाणी आजच्या सगळ्या समुद्रांच्या तिपटीहून अधिक आहे. नंतर ते गेले कुठे?

पण आकड्यांपेक्षा मला आपल्या शेजारची साक्ष मोठी वाटते. दिमोना, बेरशेबा, अराद इथली आपली माणसे मृत समुद्रावर कितीदा जातात. मसादाच्या पायथ्याशी पांढरट मातीचे कडे आहेत, ते जवळ जाऊन पाहा. त्यांत कागदाच्या गठ्ठ्यासारखे पातळ थर दिसतात, एक पांढरा, एक करडा, पुन्हा पांढरा, पुन्हा करडा. हजारो वर्षांपूर्वी इथे मृत समुद्राहून मोठे सरोवर होते, त्याला लिसान म्हणतात. हिवाळ्यात वाड्यांना पूर आला की गाळ वाहून यायचा, तो करडा थर. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार तळाशी बसायचे, तो पांढरा. झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजावीत तशी त्यांतली वर्षे मोजता येतात. २०१० आणि २०११ मध्ये मृत समुद्राच्या तळालाच भोक पाडून साडेचारशे मीटर खोलीपर्यंतचे नमुने काढले. त्यांत सुमारे दोन लाख वर्षांचा हिशेब मिळाला. केव्हा भरपूर पाऊस होता, केव्हा पाणी आटून नुसते मीठ उरले, हे त्यात दिसते. भूकंपाने विस्कटलेले थरसुद्धा दिसतात. म्हणजे ही माती संकट विसरत नाही. पण साऱ्या जगाचा गाळ घेऊन आलेला एक वर्षाचा प्रलय तिच्यात नाही.

परंपरेच्या हिशेबाने माबूल सृष्टीच्या १६५६व्या वर्षी झाला, म्हणजे इसवीसनापूर्वी सुमारे २१०५. गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्या साडेचारशे वर्षे आधीचा आहे आणि मिसरच्या लोकांचा इतिहास मध्येच कुठे बुडलेला नाही. आणखी एक गंमत. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एक पाइनच्या जातीचे झाड आहे. १९५७ साली एडमंड शुल्मन यांनी त्याची वर्तुळे मोजली तेव्हा ते ४,८०० वर्षांच्या आसपासचे निघाले. ते अजून जिवंत आहे. त्याचे नाव काय ठेवले, तर मेथुशेलह! नोहाचा आजा, जो परंपरेप्रमाणे माबूलच्याच वर्षी वारला. आजा गेला, पण त्याच्या नावाचे झाड त्या वर्षी सातशेहून अधिक वर्षांचे होते आणि त्याला काही झाले नाही.

कोणी म्हणेल, परमेश्वराला काय अशक्य? चमत्कार म्हणून मानणाऱ्याशी मी भांडत नाही. ती श्रद्धा आहे आणि ती श्रद्धा म्हणूनच सांगावी, त्यावर विज्ञानाचा शिक्का मारू नये. पण मग हेही मानावे लागते की चमत्कारानंतर त्याच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या, आणि मातीत व झाडात न घडलेली वर्षे लिहून ठेवली गेली. परमेश्वराने मातीला खोटे बोलायला लावले, हे म्हणणे मला तरी जड जाते.

मग गोष्ट आली कुठून? अब्राहाम अविनू ऊर कास्दीमचे. तो मुलूख फ्रात आणि तिग्रिस नद्यांचा, तळहातासारखा सपाट. वरच्या डोंगरांतला बर्फ वितळून दोन्ही नद्या फुगल्या की क्षितिजापर्यंत पाणी. १८७२ साली जॉर्ज स्मिथ यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एका मातीच्या पाटीवर गिलगमेशची कथा वाचली. तिच्यात देवाकडून इशारा, मोठी नौका, डोंगरावर टेकणे, पक्षी सोडणे, सगळे होते. १९२९ मध्ये लिओनार्ड वूली यांना ऊरला गाळाचा जाड थर सापडला आणि हाच तो प्रलय म्हणून जगभर गाजावाजा झाला. पुढे इतर गावांतही असे थर मिळाले, पण त्यांचे काळ वेगवेगळे निघाले. पूर अनेक आले, एकच नाही. गिलगमेशच्या पाटीचा एक तुकडा तर आपल्या मगिद्दोलाच सापडला आहे, म्हणजे ही कथा या देशातही माहीत होती. आणि कोकणात आपल्या शेजाऱ्यांकडे मनू आणि माशाची गोष्ट होतीच.

काही वडीलधाऱ्यांना हे ऐकून वाटते की म्हणजे आपली गोष्ट उसनी. मला उलट दिसते. बाबेलच्या जुन्या कथेत देव माणसांना बुडवतात, कारण माणसांच्या गोंगाटाने त्यांची झोप मोडते. तोरात कारण आहे जुलूम आणि हिंसा. पुराची आठवण सगळ्यांची एकच, पण पुरावर विचारलेला प्रश्न वेगळा आहे. माणूस माणसाशी कसा वागतो यावर जग टिकते की नाही, हा प्रश्न मृत समुद्राच्या तळातून उत्तर मिळण्यासारखा नाही.

आता आपल्या गुरूंकडे येऊ. तिसऱ्या शतकात तिबेरियात रब्बी योहानान आणि रेश लाकीश यांचा वाद झाला, तो तलमूदच्या ज़ेवाहीम भागात आहे. रब्बी योहानान म्हणाले, माबूल इस्राएलच्या भूमीवर आलाच नाही. रेश लाकीश म्हणाले, आला. रब्बी योहानान यांचा आधार यहेज्केल नबीचे वचन होते, दगडमाती नव्हे, त्यामुळे त्यांना ओढून शास्त्रज्ञ करू नका. पण पाणी सगळीकडे नव्हते असे म्हणणाऱ्याला कोणी बेथ मिद्राशबाहेर काढले नाही, एवढे लक्षात घ्या.

त्याहून मला आवडते ते रामबान यांचे, म्हणजे रब्बी मोशे बेन नाहमान, जे उतारवयात १२६७ साली स्पेनमधून येरुशलेमला आले. पराशात इंद्रधनुष्य कराराची खूण म्हणून येते. वरवर वाचले तर ते माबूलनंतर पहिल्यांदा आकाशात आले असे वाटते. पण ग्रीक विद्वानांनी म्हटले होते की ओल्या हवेवर सूर्याचे तेज पडले की इंद्रधनुष्य दिसतेच. रामबान यांनी काय करावे? त्यांनी नमूद केले की पाण्याचे भांडे उन्हात ठेवले तरी तसे रंग दिसतात, तेव्हा ग्रीकांचे म्हणणे आपल्याला मानावेच लागेल. मग त्यांनी वचन पुन्हा नीट वाचले आणि सांगितले की धनुष्य सृष्टीच्या आरंभापासून होते, खूण मात्र ते आता झाले. अंगठी आधीपासून असते, लग्नात दिल्यावर तिला अर्थ येतो, तसेच मला हे वाटते. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या या रब्बींनी ना डोळ्यांना खोटे ठरवले, ना तोराला. इंद्रधनुष्य दिसल्यावर आपण आजही बराखा म्हणतो, आणि ते थेंबांतून प्रकाश वळल्यामुळे दिसते हेही जाणतो. कोणाची बराखा त्यामुळे अडली आहे?

हे सर्व मान्य नसलेले मोठे रब्बी आजही आहेत आणि आपल्या काही घरांत त्यांचेच ऐकतात. त्यांनी जरूर तसे शिकवावे. पण आपण बेने इस्राएल लोकांनी विज्ञानाला दारातून हाकलण्याआधी एक गोष्ट आठवावी. १९६०च्या दशकात या देशात आपल्या यहुदीपणावर शंका घेतली गेली, आपल्या वडीलधाऱ्यांना धरणे धरावे लागले. २०१६ साली कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांच्या संशोधकांनी आपल्या समाजाचे डीएनए तपासून सांगितले की आपल्यात मध्यपूर्वेतल्या यहुदी लोकांचा वंश आहे आणि भारतीयही. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी तो लेख घरोघर वाचून दाखवला! पण त्याच लेखात असेही आहे की हे दोन वंश मिसळले ते साधारण साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या, फक्त शेमा तोंडात राहिला, याला आपण दोन हजार वर्षे म्हणतो. मिसळण्याचा काळ म्हणजे येण्याचा काळ नव्हे, त्यामुळे नवगाव खोटे ठरत नाही. पण दोन हजार हा आकडा सिद्धही होत नाही. विज्ञान आपल्या बाजूने बोलले की पेढे वाटायचे आणि विरुद्ध बोलले की कान झाकायचे, हे मुलांना दिसते.

नवगावची गोष्ट सांगताना कधी कोणी विचारत नाही की गलबताची लांबी किती, बरोबर सातच जोडपी कशी. आपण ती सांगतो कारण सगळे बुडाल्यावर काय उरले ते तिच्यात आहे. नोहाची गोष्ट मला याच कानाने ऐकू येते.

म्हणून वर्गासाठी माझी सूचना : पुढच्या पराशा नोआहच्या आठवड्यात मोठ्या मुलांना मसादाच्या पायथ्याशी नेऊन ते थर दाखवावेत आणि परतताना बसमध्ये रामबान यांचे इंद्रधनुष्य सांगावे. शक्यतो मराठीत. आणि आजी-आजोबांनी आपापल्या घरी ही गोष्ट कशी सांगत असत ते एका पानावर लिहून द्यावे. अलिबागकडची मंडळी तारू म्हणत की गलबत, कावळा परत का आला नाही याचे घरचे कारण काय होते, पावसाळ्यात ती गोष्ट सांगताना बाहेर खरा पाऊस कसा कोसळत असे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे नातवंडांनी फोनवर रेकॉर्ड करून आणावे.